चित्र होईस्तोवर वाटणी नाही

भिंतीचं काम घेतलं तेव्हाच माझा गुडघा नको म्हणत होता. मी ऐकलं नाही. शाळेतून निवृत्त होऊन वर्ष उलटलं होतं. घरात आमचे हे टीव्हीपुढं आणि मी खिडकीत, असा संसार चालला होता. केडगाव-चौफुला रस्त्याला एकानं नवं मंगल कार्यालय बांधलं. त्याची मुलगी माझी विद्यार्थिनी. तिनं बापाला सांगितलं, शिरूरला आमच्या चित्रकलेच्या बाई आहेत, त्या काढतील. बापाला जेवणाच्या हॉलच्या भिंतीवर 'आपलं गाव' हवं होतं, नवरानवरीनं पुढं उभं राहून फोटो काढायला. "मॅडम, मेंढरं पाहिजेत. एक धनगर पाहिजे, लाल फेट्यातला. बाईच्या डोक्यावर हंडा. आणि प्लास्टिक, मोबाईल असलं काही नको बघा. शांत वाटलं पाहिजे." म्हटलं, बाबा रे, शांत वाटायला आधी कुणीतरी शांत असावं लागतं. हे मनात. तोंडानं हो म्हटलं.

माझी एक खोड आहे. समोर बघितल्याशिवाय मला काढता येत नाही. उभा जन्म शाळेत पोरांची चित्रं तपासण्यात गेला. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली झोपडी, झोपडीशेजारी नारळ. अरे, शिरूरला नारळाखाली कोण राहतं? त्या नारळांना गुण देऊन देऊन जीव विटला होता. म्हणून भिंतीआधी कच्चं चित्र नीट करायचं ठरवलं. आधी कोळशानं जनावरं, माणसं सुटी सुटी काढायची, मग एका मोठ्या कागदावर सगळं मांडून रंग भरायचे, आणि तो कागद पुरा झाला की त्यावर चौकोन पाडून भिंतीवर मोठं करायचं. भिंतीचं काम म्हणजे नुसती हमाली. डोकं लागतं ते कागदावर.

दिवाळी झाली की आमच्याकडं मेंढरं खाली उतरतात. पारनेरच्या अंगानं येतात आणि चाऱ्या-पाण्याच्या मागं मागं भीमेकडं सरकतात. शेतकरी त्यांना पीक निघालेल्या रानात बसवून घेतात, लेंडीखतासाठी. थोडे दिवस इथं, थोडे दिवस पुढं. मेंढरं, माणसं, घोडी, कुत्री, चूल असा जो सगळा फिरता तळ असतो त्याला वाडा म्हणतात. मला तसा एक वाडा कारेगावच्या पलीकडं, बाजरी निघालेल्या रानात सापडला. मागं कंपन्यांचे निळे पत्रे, पुढं मेंढरं, आणि मधे फोल्डिंगच्या खुर्चीत मी.

वाड्यात माणसं मोजकीच होती. म्हातारी, तिचे दोन मुलगे, दोन सुना आणि धाकट्याची एक मुलगी. म्हातारा मागच्या पावसाळ्यात गेला होता. थोरला हडकुळा, बोलायला महाग, डोक्याला माकडटोपी. धाकट्याच्या अंगात कुठल्यातरी कंपनीचं जाकीट, पाठीवर चमकणाऱ्या पट्टीचं. लाल फेटा औषधालाही नव्हता. घोडीच्या पाठीवर सोलरची पाटी बांधलेली आणि तिला दोन मोबाईल लावलेले. हंडे होते, पण प्लास्टिकचे. म्हटलं, झालं आपलं गाव.

मी कोळसा काढला आणि बसले. थोड्या वेळानं पाठीशी कुणीतरी उभं आहे असं वाटलं. चित्र काढताना मागं कुणी उभं राहिलं की माझं डोकं फिरतं. वळून बघते तर म्हातारी. बुटकी, काटक, हातात कोयता, दातांना मिश्री.

"काय काढताय?"

"मेंढरं."

"कशाला? ती हायेत की हितं."

मी सांगितलं, लग्नाच्या हॉलमध्ये भिंतीवर काढायचीत, त्याआधीचं हे कच्चं. तिनं विचारलं, सगळी काढणार का? म्हटलं, एकूण एक कशी काढू, पण सगळा कळप एकत्र दिसला पाहिजे.

"एकत्र," ती म्हणाली आणि कोयता खाली ठेवून माझ्याजवळ बसली. "किती दिस लागतील?"

"येईन आठ-दहा दिवस."

तिनं तोंड वाकडं केलं. "चांगलं काम एवढ्यात हुतंय व्हय? साधं घोंगडं विणायलाबी येळ लागतोय. बसा निवांत, बाई. घाई करू नगा."

मला बरं वाटलं. शाळेत घंटा, घरात कुकर, आणि आता कार्यालयवाल्याची लग्नसराई. घाई करू नका म्हणणारं माणूस मला बऱ्याच वर्षांत भेटलं नव्हतं. मी त्या दिवशी दोन मेंढ्या आणि घोडीचं तोंड एवढंच काढलं आणि समाधानानं स्कूटीवर घरी आले.

पुढच्या खेपेला त्या आग्रहाचं कारण कळलं. धाकटा माझ्याशेजारी येऊन उकिडवा बसला, कागदाकडं बघितलं आणि म्हणाला, "बाई, किती झालंय म्हणायचं हे?"

"आत्ता कुठं सुरुवात आहे. का?"

"न्हाई, आईनं बिरोबाची आण घातलीय. म्हणली, वाड्याचं चित्र निघतंय, त्यात समदी मेंढरं एका जागी पायजेत. चित्र हुईस्तोर वाटणीचं नाव काढायचं न्हाई."

मग त्यानं सगळं सांगितलं. त्याला कारेगावात एका कंपनीत कंत्राटी काम लागत होतं. राहायला खोली बघून ठेवली होती. आपल्या वाट्याची मेंढरं विकून तो तिथं राहायला जाणार होता. बाप गेल्यावर भावाभावांचं ठरलं होतं, दिवाळी झाली की वाटणी. दिवाळी झाली, आणि मी खुर्ची घेऊन आले.

"आणि थोरला? तो फिरणार का मग?"

"दादा म्हणतोय, निम्म्या मेंढरावर वाडा चालत न्हाई. एक माणूस राखायला लागतंय, एक पुढं जाऊन रान ठरवायला, बिबट्या आला तर हाकलायला. नवरा-बायकू दोघंच काय काय करतील? तोबी इकून टाकनार."

म्हणजे वाटणी झाली की वाडाच मोडणार होता. हे म्हातारीला पक्कं ठाऊक होतं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात ना, तशी मी तिला काडी सापडले होते, आणि मला कुणी विचारलंही नव्हतं. माझा असा संताप झाला! माझं मला धड उचलेना, त्यात हे परक्याच्या घरचं ओझं. मी तडक तिच्याकडं गेले. ती तीन दगडांच्या चुलीपुढं बसली होती.

"मावशी, काय ऐकते मी हे?"

"ऐकू द्या की. तुमी तुमचं काढा."

"अहो पण माझं काढून झाल्यावर?"

"झाल्यावर बघू. हुतंय कुठं लगीच?"

"आणि वाटणी झाली तर तुम्ही कुठं राहणार?"

"मी वाड्यावर."

"वाडाच नसला तर?"

तिनं चुलीतली काटकी मागं ओढली, जाळ बारीक केला. "म्हनून तर सांगतेय, दमानं काढा." मग चेपलेल्या वाटीत कोरा चहा ओतून माझ्यापुढं सरकवला.

खरं तर मी उठून दुसरा वाडा बघायला हवा होता. त्या दिवसांत आमच्याकडं वाड्यांना काय तोटा! पण नाही गेले. एक तर ओळखीच्या झालेल्या मेंढ्या सोडून पुन्हा नवीन तोंडं शिकायची म्हणजे कंटाळा. आणि दुसरं, सांगायला लाज कशाची, मी हळू काम करावं असं वाटणारी ती जगात एकटीच होती. बाकी सगळ्यांना मी लवकर उरकायला हवं होतं.

वाडा हलला की मीही हलायचे. कारेगावहून न्हावऱ्याकडं, कधी उसाच्या फडाच्या कडेला, कधी कॅनॉलच्या अंगाला. धाकटा फोन करून सांगायचा, आता अमक्याच्या रानात आहोत. त्याला चित्र पुरं व्हायची सगळ्यात जास्त घाई, म्हणून पत्ता कळवण्यात तो कधी चुकला नाही. मी पोचले की म्हातारी हातातलं काम टाकून यायची आणि माझा कागद तपासायची. शाळेत ज्या ज्या पोरांच्या चित्रांवर मी लाल पेन चालवलं, त्या सगळ्यांचे तळतळाट मला एकदम लागले.

"मेंढ्याची शिंगं लहान काढलीत."

मी मोठी केली. पुढच्या खेपेला म्हणते, "अगं बया! मेंढा हाय का सांबर?"

एकदा म्हणाली, कपाळावर पांढरा ठिपका असलेली काळी मेंढी कुठं आहे, ती पुढंच पाहिजे. मी अख्खा दिवस त्या मेंढीला शोधत बसले. ऊन चढलं, डोळे दुखायला लागले, ठिपका काही सापडेना. शेवटी थोरल्याला विचारलं. तो म्हणाला, "ती व्हय? ती मरून लई दिस झालं."

मी भडकलेच. "मावशी, मेलेल्या मेंढीसाठी माझा दिवस घालवलात!"

"मेली म्हनून काय झालं? वाड्यातलीच हाय की ती."

काढली मग. काय करता? त्यानंतर घोडी निघाली. "घोडी गाभण हाय, बाई. तिला शिंगराबिगर काढायची न्हाई. शिंगरू हुंद्या, मग काढा."

"अहो, घोडीला वर्ष लागतं जवळजवळ!"

"मग लागंना का," म्हातारी म्हणाली आणि स्वतःच पदर तोंडाला लावून हसायला लागली. मलाही हसू आलं. आम्ही दोघी त्या ढेकळात बसून इतक्या हसलो की कुत्री उठून बघायला आली. ती काय करतेय ते मला कळत होतं, आणि मला कळतंय हे तिला कळत होतं. आमच्यात त्यावर एक अक्षर कधी झालं नाही.

पण माणूस थकतं. थंडी सरली, ऊन तापायला लागलं. माझा गुडघा सुजून भोपळा झाला. रोजची स्कूटी, ढेकळांतून चालणं, वाकून बसणं. घरी आले की यांचं सुरू, "किती दिवस चोळणार तो एक कागद? लिओनार्दोची आजी!" कार्यालयवाला दिवसाआड फोन करायचा, "मॅडम, आमची पहिली लग्नतिथी आली. भिंत पांढरीच राहायची का?" मी आज करते, उद्या करते. आयुष्यभर पोरांची कारणं ऐकली, आता तीच कारणं मी सांगत होते.

दमलेली मी एकटी नव्हते. एका दुपारी थोरला जाळी सोडत होता. मेंढरांभोवती उभी करतात त्या जाळीला वाघर म्हणतात. रोज सोडायची, रोज लावायची. मी नुसतीच बसले होते, हात उचलत नव्हता. तो आपणहून बोलला, बहुतेक पहिल्यांदाच.

"बाई, तुमी थांबवलंय, आईला बरं वाटतंय. पर मीबी दमलोय. धाकला वाडा फोडतोय म्हनून मी इकनार असं समदी म्हनत्यात. तसं काय न्हाई. माझंच पाय चालंनात आता. आईपुढं बोलता येत न्हाई, म्हनून चालतोय."

"मग सांगून टाका ना त्यांना."

"काय सांगू? दमलो म्हनून? ती माझ्यापरीस म्हातारी हाय आन् ती चालतीय."

त्यानं जाळीची गुंडाळी खांद्यावर घेतली आणि घोडीकडं गेला.

धाकट्या सुनेनं मात्र मला धरलंच. न्हावऱ्याच्या पुढं एका मोटारीच्या पाण्यावर ती कपडे धूत होती. मी हात धुवायला गेले. ती तोपर्यंत माझ्याशी फारशी बोललेली नव्हती. सासूच्या माणसाशी कशाला बोला, असं असेल.

"बाई, तुमी शाळेतल्या ना?"

"होते."

"मग तुमीच सांगा. माझी पोरगी शाळेच्या वयाची झाली. हितं आठ दिस, तितं चार दिस, कुठल्या शाळेत घालू? मी अशीच वाढले मेंढरामागं. मला एसटीची पाटी वाचता येत न्हाई. कंपनीच्या गेटावर माझ्या मालकाला फॉर्म भरायला दुसऱ्याच्या पाया पडाया लागतंय." तिनं कपडा पिळला, जोरात. "आत्याला चित्र न्हाई पायजे, बाई. आत्याला येळ पायजे. त्यास्नी येळ देताय, माझ्या पोरीचा जातोय."

चपराक बसली. ती खोटं काय बोलत होती? मी जन्मभर शाळेत उभी राहिले आणि इथं एका पोरीला शाळेबाहेर ठेवायला मदत करत होते. म्हातारीचाही मला राग आला. माया आहे म्हणून काय सगळ्यांना बांधून ठेवायचं? आणि लगेच तिची दयाही आली, कारण बांधायला तिच्याकडं दुसरं होतंच काय? माझा एक कागद. तोही परक्याचा.

"मी करते पुरं," मी म्हटलं.

"कवा?"

"या आठवड्यात करते, बाळ."

तिनं मान हलवली आणि पुढचा कपडा घेतला.

त्या आठवड्यात मी वाड्यावर गेले नाही. धाकट्याचा फोन आला, पारगावचा पूल ओलांडून केडगावच्या बाजूला आलोय म्हणून. म्हटलं, येते. जेवणाच्या टेबलावर कागद पसरला आणि रंग भरत बसले. प्लास्टिक काढून टाकायचं असं कार्यालयवाल्यानं सांगितलं होतं, ते गाळलं. माकडटोपीच्या जागी लाल फेटा घातला. जाकिटाच्या जागी घोंगडं. ठिपक्याची मेंढी मात्र पुढंच ठेवली. घोडीशेजारी शिंगरूही काढलं, अजून न झालेलं. चांगलं झालं होतं चित्र. आमचे हे येऊन बघून गेले आणि काही न बोलता चहा ठेवून गेले, म्हणजे चांगलंच झालं असणार. मला मात्र ते गुंडाळताना कुणाचं तरी काहीतरी पळवून नेतेय असं वाटत होतं.

केडगावच्या अलीकडं ऊस तुटलेल्या रानात वाडा होता. मी गुंडाळी सोडली आणि गाठोड्यावर पसरली. सगळे गोळा झाले. धाकटा म्हणाला, "आयला, दादा, तू बघ फेट्यात!" थोरला ओशाळला. म्हातारी पुढं आली. वाकून बघायला लागली. बराच वेळ बघत होती. बोट कागदाजवळ नेई आणि मागं घेई. शिंगांवर नेलं, घोडीवर नेलं, शिंगरावर नेलं. मी वाट बघत होते. मनातून म्हणत होते, काढ काहीतरी चूक, एखादी काढ, मी बदलून आणते. धाकटी सून माझ्याकडं बघत होती, म्हणून मी कुठंच बघत नव्हते.

"झालं?" म्हातारीनं विचारलं.

"झालं, मावशी."

"समदं?"

"सगळं."

ती सरळ उभी राहिली. "बरं हाय," म्हणाली. "मेंढरं झाक दिसत्यात." आणि चुलीकडं गेली. मी तिच्या मागं जाणार होते, पण काय बोलणार होते? कागद गुंडाळायला घेतला.

वाटणी लगेचच ठरली. मला बोलवायचं काही कारण नव्हतं, पण धाकट्यानं आग्रह केला आणि मला नाही म्हणवेना. भावकीतली दोन वयस्कर माणसं आली होती. सगळी मेंढरं वाघरीत कोंडली होती आणि तिचं एक तोंड उघडं ठेवलं होतं. रीत अशी की थोरल्यानं दोन सारखी मेंढरं निवडून तोंडाशी आणायची आणि धाकट्यानं त्यातलं एक उचलायचं. राहिलेलं थोरल्याचं. करणारा वेगळा, घेणारा वेगळा, म्हणजे कुणाची तक्रार नको. कोकरं आपापल्या आईबरोबर. आणि निवड झाली की लगेच पाठीवर रंग लावायचा, थोरल्याला लाल, धाकट्याला निळा. दुकानातनं ऑइलपेंटचे दोन डबे आणले होते. दोन काठ्यांना चिंध्या गुंडाळल्या होत्या.

रंग घरच्या माणसानं लावायचा नाही, परक्या हातानं लावायचा. उद्या कुणी कुणाला बोट दाखवायला नको म्हणून. भावकीतला एकजण म्हणाला, रानाच्या मालकाला हाक मारा.

"मालकाला कशाला?" म्हातारी म्हणाली. "बाई हायेत की. रंगाचंच काम हाय."

मी म्हटलं, मला जमणार नाही. माझा गुडघा, माझी पाठ, सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. "बसून लावा," म्हणाली आणि माझी खुर्ची स्वतः उचलून वाघरीच्या तोंडाशी मांडली. रागानं नव्हे. पाहुण्याला पाट द्यावा तशी मांडली. मग मला बसावंच लागलं.

लाल, निळा. लाल, निळा. लोकरीत तेल असतं, रंग नीट धरत नाही, दाबून लावावा लागतो. मेंढरू अंग चोरतं, पण ओरडत नाही. मी प्रत्येकीला ओळखत होते. ही माझ्या कागदाच्या डाव्या कोपऱ्यातली. ही मान वळवून उभी असलेली. ही आणि ही कागदावर एकमेकींना टेकून काढल्या होत्या, आता एक इकडं गेली, एक तिकडं. मेंढा एकच होता. तो थोरल्यानं ठेवला आणि त्याच्या बदल्यात धाकट्याला दोन मेंढ्या जास्त दिल्या. घोडी थोरल्याकडं, पोटातल्यासकट, आणि तिच्या बदली सोलरची पाटी आणि मोठी भांडी धाकट्याकडं. राखीव ठेवलेली दुसरी वाघर होती, ती मधून कापली. कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं, असं मला वाटायला लागलं. सगळे इतके दमलेले होते की लवकर आटपावं एवढंच प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं. माझ्याही.

शेवटची जोडी झाली. एक लाल, एक निळी. वाघर रिकामी झाली. मी खुर्चीचे हात धरून उठायला लागले, तेवढ्यात इतका वेळ आत मेंढरं पुढं हाकणारी म्हातारी त्याच तोंडातून बाहेर आली आणि माझ्यापुढं थांबली. डोक्यावरचा पदर काढून खांद्यावर घेतला, माझ्याकडं पाठ केली आणि वाकली.

"मलाबी लावा."

"मावशी! काहीतरीच काय?"

भावकीतला एकजण हसला. तिची चेष्टा असेल असं त्याला वाटलं. मग त्याचं हसू थांबलं.

"लावा की," ती वाकूनच म्हणाली. "लाल लावा न्हाईतर निळा लावा, मला समदं सारखंच. मेंढरं वाटली, घोडी वाटली, भांडी वाटली, वाघर कापली. माझं कुणी नाव काढंना. तुमी रंग लावा, म्हंजी मला तरी कळंल, मी कुणाच्या वाट्याची हाय."

थोरला धाकट्याकडं बघत होता. धाकटा खाली उसाच्या बुडख्यांकडं बघत होता. धाकट्या सुनेनं पोरीला पोटाशी धरलं होतं आणि तिचे ओठ हलत होते, पण नवऱ्याच्या आधी बोलावं की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं. मी दोन्ही काठ्या खाली ठेवल्या आणि डब्यांना झाकणं लावली. म्हातारी अजून वाकलेलीच होती.